कार्ड ओव्हनमध्ये भाजणाऱ्यांना साष्टांग दंडवत

झटका_मारके: काल एकाने विचारलं, माझ्या जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डावर (कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड) हिरव्या रेघा नि चौकटी येतायत, काय करू? पहिलाच सल्ला: "ओव्हनमध्ये भाज, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं आरएक्स ५८० कार्ड उचल." अहो, ते कार्ड आहे, भरताचं वांगं नव्हे! भाजून सुटलेले जोड पुन्हा जुळतील म्हणता, पण जोडांचं लेड-फ्री सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, तोवर प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात. आणि बिघाड बहुतेक वेळा मेमरीत किंवा चिपच्या आतल्या जोडात असतो. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, शिरून बघा. तिथेही रेघा असतील तर ड्रायव्हरला (विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शिव्या देऊ नका. फक्त विंडोजमध्येच असतील तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू मारा, म्हणजे जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर चालवा. मग केबल बदला, कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावून बघा. गेलंच असेल तर नवं घ्या: आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट.

भट्टीवाला: सल्ला माझाच होता. भावाचं कार्ड भाजलं, पोराची बारावी संपेपर्यंत चाललं. पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशी ठेवा. नव्याचे पैसे तुम्ही देणार का?

झटका_मारके: त्याच ओव्हनमध्ये नंतर नानकटाई केलीत का, तेवढं सांगा. आणि ५८० घेताना त्याच नावाचं कमी ताकदीचं २०४८एसपी गळ्यात मारतात, २३०४ कोअरच्या (चिपमधले हिशेब करणारे भाग) जागी २०४८. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडल्यावर बाजारात आलेला माल तो. बिल मागितलं की दुकानदार छताकडे बघतो.

वायरमन_तात्या: कार्डावर भांडताय, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कोणी बघितला? कॅबिनेटसोबत फुकट आलेला "५०० वॅट"वाला ना? स्टिकरवर १२ व्होल्टची लाइन किती अँपिअरची ते वाचा, सगळं कळेल. शिवाय अर्थिंग! आमच्या गावी कॅबिनेटला टेस्टर लावला की दिवा पेटतो, आणि मंडळी म्हणतात "बारीक मुंग्या येतात, चालतं".

अर्धवट_इंजिनिअर: तात्या, मुंग्या एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे येतात. त्याने कार्ड मरत नाही.

वायरमन_तात्या: मग चालू टीव्हीला एचडीएमआय खुपसताना ठिणगी पडून माझा पोर्ट गेला, तो काय भुताने नेला?

अर्धवट_इंजिनिअर: बरं, पोर्ट जाऊ शकतो. पण त्याने रेघा येत नाहीत.

वायरमन_तात्या: बिल्डरने तीन पिनचं सॉकेट बसवलंय आणि मागे अर्थिंगची हिरवी वायरच नाही! फ्लॅट ऐंशी लाखांचा. यावर बोला कोणीतरी.

भट्टीवाला: झालं, आता सोसायटीची मीटिंग भरवा.

मूळ_प्रश्नवाला: दादा लोक, माझ्या बायॉसमध्येही रेघा आहेत. एसएमपीएसला आठ पिनची वायर नाहीये. ६६०० कसं लावू?

झटका_मारके: ६६०० नाहीच बसवता येणार, त्याला ती आठ पिनची वायर हवीच. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघ, ७० वॅट, वेगळी वायर न लागणारं मॉडेल मिळतं. ६६०० पेक्षा हळू आहे. ८ जीबीचं ३०५० वेगळं, त्याला वायर लागते.

भट्टीवाला: म्हणजे हळू कार्डालाही पैसे मोजायचे. वा! माझा ओव्हन फुकट होता.

वायरमन_तात्या: एसएमपीएस बदल रे बाळा, आणि ६६०० च घे. हा झटका_मारके एवढं एक बरोबर बोलला होता, नंतर ढेपाळला.