तळघरातली उतरंड

जुन्या इंग्लिश बड्या घरांत मालक वरच्या मजल्यांवर, नोकर खाली तळघरात आणि खालचे सगळे सारखेच, असं अनेकांना वाटतं. पण एडवर्डियन काळातल्या (1901-10) इंग्लंडच्या मोठ्या घरांत खालीही कडक उतरंड होती. बटलर (पुरुष नोकरांचा प्रमुख), हाउसकीपर (मोलकरणींची प्रमुख), मालकिणीची खास दासी हे वरिष्ठ. अनेक घरांत ते सगळ्यांबरोबर मांसाचा पदार्थ खाऊन झाला की मानाच्या क्रमानं उठत आणि गोड खायला हाउसकीपरच्या खोलीत जात. बाकीचे तोवर बहुधा गप्पच. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना खाली त्यांच्या मालकाच्या नावानं हाक मारत आणि जेवणाच्या टेबलावरची जागाही मालकाच्या हुद्द्यावरून ठरे. राबणाऱ्या माणसाचं स्वतःचं नावसुद्धा उरू नये, हे मला फार लागतं.

म्हणून वेल्समधलं रेक्सहॅमजवळचं एर्डिग हे जुनं मोठं घर बघाच. तिथल्या यॉर्क कुटुंबानं अठराव्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, पुढे छायाचित्रं, आणि सोबत त्यांच्यावर रचलेल्या कविता. जमीनदारांच्या घरात सुतार, माळी, मोलकरणी भिंतीवर! एवढी कदर दुर्मीळच. कामाचे कष्ट मात्र अशा घरांतही होतेच: पहाटे उठून शेगड्यांची राख काढायची, मग गरम पाणी जिने चढून वर न्यायचं.