कर्वेनगरात फक्त मऊ भात आणि खिचडी देणारे उपाहारगृह चालेल का?

गुरगुट्या (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात कर्वेनगर भागात, मुलींची अभियांत्रिकीसह महाविद्यालये आणि वसतिगृहे असलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवाराजवळ, एक लहान उपाहारगृह सुरू करण्याचा माझा आणि माझ्या वहिनीचा विचार आहे. या परिसरात डोसे, चायनीज, सँडविच यांना तोटा नाही. परंतु तापातून उठलेल्या किंवा परीक्षेच्या धास्तीने काहीच खावेसे न वाटणाऱ्या मुलीला गरम मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार मिळेल अशी जागा आम्हाला तरी आढळली नाही. म्हणून पदार्थ मुद्दाम मोजकेच ठेवायचे आहेत: मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी आणि कढी, वरण-भात-तूप-लिंबू आणि तांदळाची पेज. बसण्यापुरत्या थोड्या खुर्च्या, बाकी पार्सल. गाळा पाहून ठेवला आहे, अनामत अद्याप दिलेली नाही. एवढ्या पदार्थांवर धंदा तगेल का, आणि अनामत देण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडेबहाद्दर

पदार्थांआधी महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहा. दिवाळीची सुट्टी, सत्र संपल्यानंतरची गळती आणि उन्हाळ्यातला शुकशुकाट वजा केला, तर विद्यार्थ्यांच्या भरवशावरचा धंदा जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा उरतो, आणि भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. मी सदाशिव पेठेत खाणावळ चालवत असे. तिथे स्पर्धा परीक्षांची मुले अभ्यासिकांमुळे मे महिन्यातही हलत नसत, त्यामुळे ही झळ मला फारशी बसली नाही. अभियांत्रिकीची मुले मात्र शेवटचा पेपर देऊन त्याच रात्रीची गाडी पकडतात.

सुदैवाने आपले पदार्थ केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत. कर्वेनगरातल्या सोसायट्यांमध्ये एकटे राहणारे आजी-आजोबा, दातांची कामे करून घेतलेले लोक, नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले रुग्ण या सर्वांना पेज आणि मऊ भात मे महिन्यातही लागतो. त्यामुळे ज्याचे एक तोंड वसतिगृहाकडे आणि दुसरे वस्तीकडे आहे, असा गाळा चार पैसे जास्त देऊनही घ्यावा. वसतिगृहांत परतण्याची वेळ काय आहे हेही विचारून घ्या, कारण रात्रीची सारी गर्दी त्याआधीच्या तासाभरात उसळते आणि तेवढ्यात हात चालले नाहीत तर गिऱ्हाईक शेजारी वळते.

मासिक डबा सुरू करू नका. मेसमध्ये भांडणे चवीवरून कमी आणि खाड्यांवरून, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या पैशांवरून, जास्त होतात. त्यापेक्षा सत्रभर चालतील अशी कुपने विकावीत.

चकोल्या

मेतकूट-भात हे घरचे जेवण खरे, पण कोणाच्या घरचे? मी लातूरची. पुण्यात शिकायला आले तोवर मेतकूट चाखलेही नव्हते. आजारपणात आमच्याकडे ज्वारीची कण्हेरी आणि बरे वाटू लागले की चकोल्या, ज्यांना आपल्याकडे वरणफळे म्हणत असावेत. माझ्या खोलीत जळगावची एक मुलगी होती, तिची खिचडी तुरीच्या डाळीची, लसूण-मिरचीची फोडणी आणि वरून कच्चे तेल घेतलेली असे. मुगाच्या पिवळ्या खिचडीला ती आजाऱ्याचे जेवण म्हणून नाक मुरडायची. नागपूरकडची मुलगी गोळाभाताची, म्हणजे डाळीच्या गोळ्यांसह शिजवलेल्या भाताची, आठवण काढते. बाहेरगावहून आलेल्या मुली आपल्याला हव्या असतील, तर आपली यादी फार एका बाजूला झुकलेली आहे, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. चार पदार्थ तसेच ठेवून पाचवा वारानुसार बदलावा: एके दिवशी चकोल्या, एके दिवशी खानदेशी खिचडी, एके दिवशी गोळाभात. आपल्या गावचा वार मुली बरोबर लक्षात ठेवतात आणि येताना मैत्रिणींनाही घेऊन येतात.

तिसरी शिट्टी

चकोल्या यांच्याशी सहमत आहे, मात्र स्वयंपाकघराचा विचार आधी करावा. मऊ भाताला इंद्रायणी उत्तम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला हा तांदूळ आंबेमोहोराच्या वंशातला असून वासाचा आणि चिकट आहे. पण त्याच चिकटपणामुळे त्याची खिचडी थोडा वेळ राहिली की गोळा होते, म्हणून खिचडीला कोलम वापरावा किंवा दोन्ही मिसळावेत. बाजूला उकळत्या पाण्याचे पातेले कायम हवे, कारण वाढण्यापूर्वी पळीभर पाणी घालून सैल केल्याशिवाय मऊ भात मऊ राहत नाही. थंड पाणी घातले की चव गेलीच.

शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवू नये. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवावे. आजारी माणसांसाठी म्हणून अन्न विकणाऱ्याने तर थर्मामीटर वापरलाच पाहिजे. मोठे पातेले एकदाच चढवण्यापेक्षा लहान कुकर वारंवार लावणे परवडते.

अन्नसुरक्षा नोंदणी अथवा परवाना लागेलच. त्याखेरीज सोसायटी त्या गाळ्यात स्वयंपाकाला परवानगी देते का, हे लेखी घ्या. कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा धूर यांवरून वरच्या मजल्याशी होणारे तंटे मिटता मिटत नाहीत. गल्ल्यावर सिगारेट ठेवण्याचा मोह झाला, तर शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विक्रीला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

गुरगुट्या

सर्वांचे आभार. वाराचा पदार्थ वहिनीला फार आवडला. ती मूळची भुसावळची आहे, त्यामुळे खानदेशी खिचडीचा प्रश्न घरातच सुटला. एक शंका उरते: घरपोच देणाऱ्या ॲपवर नाव नोंदवावे का?

खाडेबहाद्दर

कागदावर मांडून पाहा. समजा 80 रुपयांची खिचडी-कढी आहे. ॲपने पाव हिस्सा घेतला तर 20 रुपये गेले, डबा आणि कढीची वाटी यांचे 8 ते 10 रुपये. राहिलेल्या पन्नासेक रुपयांत तांदूळ, तूप, गॅस, मजुरी आणि भाडे बसवायचे. वस्तू व सेवा कर उपाहारगृहाला सर्वसाधारणपणे 5 टक्के असतो, पण खरेदीवर भरलेला कर त्यातून वळता होत नाही, तेव्हा तो दिलासाही धरू नका. ॲपवर फक्त खिचडी-कढी ठेवावी, आणि तीही वेगळ्या दराने. मऊ भात ॲपवर ठेवूच नये, कारण दुचाकीवर अर्धा तास फिरलेल्या मऊ भाताचा दगड होतो आणि तक्रार आपल्या नावावर लागते. आसपासच्या सोसायट्यांना फोनवर मागणी घेऊन एखादा मुलगा सायकलवर पाठवावा. आणि गाळामालकाशी बोलताना करारात किती महिने जागा सोडता येणार नाही ते आधी विचारा. ती मुदत पहिल्या उन्हाळ्याच्या पुढे जात असेल, तर अनामत देण्याची घाई करू नका.