रावेर-चोपडा मार्ग एकचाकी सायकलवरून एका दिवसात: तयारी कशी करावी?

प्रश्न: अडावदकर

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यात राहतो, वय ४२. शाळेच्या मैदानावर एकचाकी सायकल शिकलो आणि आता ती गावाबाहेरच्या रस्त्यावरही सहज चालवू शकतो. येत्या हिवाळ्यात चोपडा ते रावेर हे अंतर एका दिवसात एकचाकीवरून पार करावे असे मी मनाशी ठरवले आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाने अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, यावल, फैजपूर, सावदा असे करत हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास जाते. विक्रम करायचा नाही आणि कोणाशी स्पर्धाही नाही. लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिलेला हा रस्ता एकदा स्वतःच्या पायांच्या बळावर पार करावा, एवढीच इच्छा आहे आणि ती मला फार मोलाची वाटते.

सध्या माझ्याकडे २४ इंची चाकाची एकचाकी आहे. तासभर चालवल्यानंतरही दम शिल्लक असतो, मांड्याही थकत नाहीत. परंतु सीटमुळे जांघेत अशी कळ लागते आणि बधिरपणा येतो की उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दोन चाकांच्या सायकलीसाठी लिहिलेले सरावाचे तक्ते मी वाचले आहेत, मात्र ते एकचाकीला कितपत लागू पडतात याचा अंदाज येत नाही. चाक मोठे घ्यावे का, सराव कसा वाढवत न्यावा आणि सीटच्या त्रासावर काय उपाय करावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: पायथ्याचा प्रवासी

अडावदकर भाऊ, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. दम आणि पाय शाबूत असताना सीट तुम्हाला खाली उतरवते, याचा अर्थ तुमची तयारी छाती-फुफ्फुसांची कमी आणि बैठकीची अधिक असायला हवी. एकचाकीवर लांब पल्ला गाठणाऱ्या बहुतेकांची मर्यादा हीच असते. दोन चाकांच्या सायकलीवर शरीराचा भार सीट, हँडल आणि पेडल यांच्यात वाटला जातो, शिवाय उतारावर पाय थांबवून क्षणभर उभे राहता येते. एकचाकीचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, थेट हबला (चाकाच्या मध्यभागाला) जोडलेले असतात. चाक फिरते तोवर पाय फिरतात आणि जवळजवळ सगळा भार त्या अरुंद सीटवरच राहतो. म्हणून तुम्ही वाचलेले तक्ते किलोमीटरच्या हिशेबाने न वापरता सीटवर सलग बसण्याच्या वेळेच्या हिशेबाने वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

आता चाकाविषयी. २४ इंची चाक पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर पुढे जाते, २९ इंची सुमारे २.३ मीटर आणि ३६ इंची जवळपास २.९ मीटर. मिनिटाला ९० फेरे धरले तर वेग अनुक्रमे ताशी १०, साडेबारा आणि साडेपंधरा किलोमीटर पडतो. ९० किलोमीटरसाठी २४ इंची चाकावर ४७ हजार फेरे मारावे लागतील, २९ इंचीवर ३९ हजार आणि ३६ इंचीवर ३१ हजार. प्रत्येक फेऱ्याला सीटवर थोडे घर्षण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या चाकाचा फायदा केवळ वेगापुरता नाही हे पटेल. एड प्रॅट या इंग्लंडमधील तरुणाने २०१५ ते २०१८ या काळात एकचाकीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३६ इंची चाकावरच.

असे असूनही तुमच्यासाठी मी २९ इंची चाक सुचवेन, आणि त्याचे कारण खान्देशातील रस्ते आणि दुकाने हे आहे. २९ इंची एकचाकीची रिम गिअरच्या सायकलींच्या ७००सी या मापाच्या चाकाएवढ्याच व्यासाची असते, त्यामुळे तिची ट्यूब जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या चांगल्या दुकानात मिळू शकते. ३६ इंचीची ट्यूब आणि टायर मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. बाभळीच्या काट्याने ऐनवेळी घात केला तर रावेर तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर हात चोळत बसण्याची वेळ येऊ नये. शिवाय ३६ इंचीवर दमलेल्या अवस्थेत पुन्हा चढणे फार कठीण जाते, आणि तुम्हाला त्या दिवशी अनेकदा उतरून चढावे लागणारच आहे.

सीटबाबत काही गोष्टी आधी करून पाहाव्यात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी उंची ठेवावी. सीट खाली असेल तर सगळा भार बुडावर आणि गुडघ्यांवर येतो. सीटचे पुढचे टोक थोडे वर उचलून पाहावे. आत सुती चड्डी न घालता पॅड असलेली सायकलिंगची चड्डी थेट अंगावर घालावी आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावावे. सीटच्या पुढे बसवायचा लहान हँडलबार मिळतो. त्यावर हाताचा भार टाकता येतो आणि लांब पल्ल्याला तो जवळजवळ अत्यावश्यक आहे. परंतु हँडल धरून तोल सांभाळण्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तो सरावाच्या सुरुवातीलाच बसवावा.

उत्तर: तापीकाठ

चाकाविषयी वरील मताशी सहमत आहे. मी फक्त रस्ता आणि ऋतू यांबद्दल लिहितो, कारण हा मार्ग मला चांगला परिचयाचा आहे.

तुम्ही चोपड्याहून निघणार असाल तर दिशा उलटी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चोपड्याहून रावेरला जाताना तोंड पूर्वेला असते. सकाळी सात ते नऊ या सर्वांत चांगल्या वेळेत सूर्य नेमका डोळ्यांवर येतो आणि खड्डा, खडी किंवा उखडलेली कड दिसत नाही. दोन चाकांवर एखादा खड्डा नजरेतून सुटला तर धक्का बसतो, एका चाकावर माणूस थेट पुढे फेकला जातो. रावेरहून पहाटे निघालात तर सूर्य पाठीशी राहील. थंडीत आपल्याकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून हलकासा असतो, तोही पाठीमागून किंवा बाजूने लागेल. शिवाय चोपड्याकडे येणे म्हणजे घराकडे येणे, ही गोष्ट शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये मनाला फार आधार देते. पुढे फेब्रुवारी-मार्चनंतर दुपारचा पश्चिमेकडचा वारा जोर धरू लागतो, तेव्हा ही योजना उलटते. समोरच्या वाऱ्यात एकचाकीस्वार नकळत पुढे झुकून चालवतो आणि झोत अचानक थांबला की तोल जातो. त्यामुळे वाऱ्यातही सराव करून ठेवावा.

मोहिमेचा दिवस जानेवारीच्या उत्तरार्धात ठेवावा. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हाची झळ त्याच्या बरीच आधी जाणवू लागते, हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळा संपल्यावर सराव सुरू केला तर साडेतीन महिने हाताशी येतात.

यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा आहे. जिथे ट्रक भरले जातात तिथे रस्त्याच्या कडेला पाने, दांडे आणि ओल असते, आणि गुळगुळीत टायर अशा ठिकाणी हमखास घसरतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर अशा नद्यांवरील पुलांच्या दोन्ही टोकांना डांबर आणि काँक्रीट यांच्यात उंचवटा असू शकतो. तिथे वेग कमी करावा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पाणी निघून जावे म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. डाव्या कडेने चालवताना एकचाकी सतत त्या उताराकडे ओढली जाते आणि कंबर तिरकी ठेवून चालवावे लागते. मैदानावर हा ताण कधीच येत नाही. सरावाची किमान एक फेरी दर आठवड्याला अशाच रस्त्यावर व्हावी.

मागे मोटारसायकलवर एक सोबती ठेवावा. गावकुसाबाहेरची कुत्री अंगावर आली तर वेग वाढवून निसटता येत नाही; शांतपणे उतरून एकचाकी मध्ये धरून चालणे हाच उपाय आहे. हेल्मेटइतकेच मनगटाचे पॅड महत्त्वाचे आहेत, कारण पडताना हात आधी टेकतात.

उत्तर: मेहरूणची सायकलपटू

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः लांब पल्ल्याची सायकल चालवते. कळ आणि बधिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात, अशी माझी विनंती आहे. बुडाच्या हाडांवर येणारी कळ सरावाने कमी होते. जांघेतला बधिरपणा मात्र नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडत असल्याची खूण आहे; तो सहन करून पुढे जाणे हे धैर्याचे काम नव्हे. बधिरपणा जाणवताच उतरावे, दोन-तीन मिनिटे चालावे आणि मगच पुढे जावे. उतरल्यानंतरही तो बराच वेळ टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. त्रास व्हायची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी उतरण्याचा नियमच केला, तर दिवसाच्या अखेरीस एकूण वेळ वाचतो, असा माझा अनुभव आहे.

आठवड्यातून तीन-चार दिवस चालवणे पुरेसे आहे. दोन फेऱ्या पाऊण ते एक तासाच्या, आणि रविवारी एक लांब फेरी. लांब फेरीचा वेळ दर आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला तो निम्म्यावर आणावा, म्हणजे स्नायू, कातडी आणि गुडघ्यांचे बंध सावरतात. मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी साडेचार-पाच तासांची एक फेरी नीट झाली असेल तर ९० किलोमीटर अवाक्यात आहेत असे समजावे. त्याआधी पूर्ण अंतर चालवून पाहण्याची गरज नाही. उरलेल्या दिवसांत बैठका, पाठीच्या कण्याला आधार देणारे पोटाचे व्यायाम आणि मांडीच्या आतल्या बाजूचे ताण देणारे व्यायाम करावेत; तोल सांभाळण्याचे काम पायांइतकेच कंबर करत असते.

खाण्यापिण्यात आपण भाग्यवान आहोत, कारण वाटेवर केळीला तोटा नाही. दर तासाला एखादे केळे, अधूनमधून गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी घ्यावे. नुसते पाणी पीत राहू नये. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घ्यावे. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरीत चोपड्याला पोहोचल्यावर खावे, वाटेत नको.

अडावदकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. दिशा बदलण्याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आता रावेरहूनच निघेन आणि आदल्या रात्री तिथेच मुक्कामाला राहीन. २९ इंची चाक घेण्याचे निश्चित केले आहे. दोन शंका उरतात: क्रँक किती लांबीचे घ्यावेत, आणि पंक्चर झाल्यास चाक काढून पुन्हा बसवताना कोणती काळजी घ्यावी?

पायथ्याचा प्रवासी

सुरुवातीला १५० मिलिमीटरचे क्रँक घ्यावेत. त्यांच्यावर ताबा चांगला राहतो आणि पुलाकडचे चढ सोपे जातात. डिसेंबरमध्ये हात बसला की १२५ मिलिमीटरचे लावून पाहावेत. पायांचे वर्तुळ लहान झाल्यामुळे फेरे हलके आणि गुळगुळीत होतात, मात्र थांबवायला जोर अधिक लागतो, म्हणून ब्रेक बसवलेला असावा. हा मार्ग बराचसा सपाट असल्याने मला स्वतःला १२५च योग्य वाटतात, परंतु गुडघ्यांनी तक्रार केली तर १५० वरच राहावे.

चाक काढण्याआधी डावी-उजवी बाजू खडूने खूण करून ठेवावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चाक चुकून फिरवून बसवले गेले तर चालवता चालवता दोन्ही पेडल सैल होत जातात आणि क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. बेअरिंग धरून ठेवणारे बोल्ट दोन्ही बाजूंना थोडे थोडे करून समान आवळावेत; जास्त आवळले तर बेअरिंग जड फिरते आणि लवकर निकामी होते. काट्यांसाठी ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घ्यावा, सोबत्याकडे दोन ट्यूब, पंप, पाना आणि ॲलन की द्याव्यात, आणि हे सगळे घरी अंगणात दोन-तीनदा स्वतः करून पाहावे. हवेचा दाब टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या थोडा खाली ठेवावा. फार कमी ठेवला तर कडेच्या उतारावर एकचाकी अधिक ओढली जाते.