ऑप्टिकल वायर लावल्यापासून कीबोर्डवरून सिनेमाचा आवाज कमी होईना, उपाय सुचवा (बजेट २०००)

खिडकीतला_बोका: टीव्हीखाली जुना कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर कोडी (सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर). तिथून ऑप्टिकल वायरने जुन्या ५.१ रिसीव्हरला (पाच स्पीकर, एक सबवूफर). यूट्यूबचा आवाज कीबोर्डवरून बरोबर कमी-जास्त होतो. सिनेमा लावला की आवाज ढिम्म. रिसीव्हरच्या रिमोटचं आवाज कमी करायचं बटण मेलंय. रात्री संवाद ऐकू येईना म्हणून वाढवावं, तर लगेच बॉम्बस्फोट, की आतून सासूबाईंचा आवाज. तोही ५.१. बजेट २०००, त्यावर एक रुपया नाही.

डॉल्बीदादा_ठाणे: साउंडबार घ्या, विषय संपला. मी ३८ हजारांचा घेतला, सबवूफर वायरलेस. खालच्या मजल्यावरचे विचारायला आले होते कुठला घेतला म्हणून.

कोकणी_तडका: @डॉल्बीदादा, ते कौतुक करायला आले नव्हते हो.

टर्मिनलवाला: कोडीत पासथ्रू चालू असणार. मग डॉल्बी किंवा डीटीएसचा दाबलेला डेटा जसाच्या तसा रिसीव्हरकडे जातो, उलगडतो तो रिसीव्हर. त्या आकड्यांना कॉम्प्युटरने हात लावला तर आवाज कमी होत नाही, नुसती खरखर होईल. यूट्यूब पीसीएममध्ये, म्हणजे आधीच उलगडलेल्या साध्या रूपात जातं, म्हणून तिथे कीबोर्ड चालतो. पासथ्रू बंद करा, सिनेमालाही चालेल. फक्त ऑप्टिकलमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात, मागचे स्पीकर मुके होतील.

सदाशिवपेठी: अजिबात बंद करू नका. सॉफ्टवेअरने आवाज कमी केला की दर ६ डेसिबलला एक बिट, म्हणजे आवाजाचा बारकावा, गेला. डायरेक्टरने काय १३ बिटमध्ये ऐकायला सिनेमा काढलाय?

टर्मिनलवाला: आउटपुट २४ बिट ठेवा. ४८ डेसिबल कमी केलं तरी १६ बिट शिल्लक. पंख्याच्या घरघरीत तुम्हाला फरक ऐकू आला तर जेवण माझ्याकडून.

सदाशिवपेठी: आमच्याकडे पंखा आवाज करत नाही.

सॅनहोजेकर: एचडीएमआय सीईसी वापरा, त्याच वायरीतून रिमोटचे हुकूमही जातात. माझ्याकडे रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे, टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज बदलतो. इथे सगळे हेच करतात.

टर्मिनलवाला: साहेब, त्यांनी ऑप्टिकल लिहिलंय. त्या वायरीतून सीईसी जात नाही. शिवाय पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत सीईसी सहसा नसतंच, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

मिक्सर_मावशी: अहो, रिमोटच उघडा ना! रबराच्या पॅडखाली काळे ठिपके असतात, त्यांवर हाताचं तेल साचतं. स्पिरिटच्या बोळ्याने रबर आणि खालची पट्टी पुसा. आमच्या सेट-टॉप बॉक्सचा त्यानेच जिवंत झाला. नाहीच झाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत युनिव्हर्सल रिमोट मिळतो, फक्त तुमच्या रिसीव्हरचा कोड त्यात आहे का ते दुकानातच पाहून घ्या. रेडमीच्या बऱ्याच फोनांना रिमोटसारखा आयआर असतो, त्याचं रिमोटचं ॲप फुकट आहे. आणि रिसीव्हरच्या मेनूत नाइट मोड शोधा, डॉल्बीच्या ट्रॅकला स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं. खरं दुखणं तेच आहे तुमचं.

डॉल्बीदादा_ठाणे: माझ्या साउंडबारला नाइट मोड आहे.

गोल्डप्लेटेड: कोणी वायरीबद्दल बोलतच नाहीये. चांगल्या ऑप्टिकलने आवाज भरीव होतो.

कोकणी_तडका: वायरीतून लाल उजेड जातो, सोन्याचा मुलामा लावून तो काय पिवळा होणार का?

नवखा_गणेश: पासथ्रू बंद करा.

टर्मिनलवाला: हो, वर लिहिलंय ते.

खिडकीतला_बोका: सर्वांचे आभार. मावशी, रिमोट उघडला, पट्टीच तडकली आहे. आमचे फोन आयफोन. खरं सांगायचं तर मागचे स्पीकर रंगकाम झाल्यापासून माळ्यावरच आहेत, त्यामुळे ५.१चा प्रश्न नाही. मी हेडफोनच्या हिरव्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढून रिसीव्हरला लावली, रुपये १८०. पासथ्रू बंद. रिसीव्हरचा आवाज मध्यावर सोडलाय, बाकी सगळं कीबोर्डवरून. सासूबाई स्वतःच कमी करतात आता.

सदाशिवपेठी: ॲनालॉग?! डिजिटल रिसीव्हर असताना?

टर्मिनलवाला: पासथ्रू बंदच केलंय तर ऑप्टिकल तशीच ठेवायची ना, तेच दोन चॅनल गेले असते.

खिडकीतला_बोका: ती वायर मेव्हण्याला दिली. त्याने नवीन साउंडबार घेतलाय.