उत्तर: जिममुळे क्रॅम्प (स्नायूत गोळे) येतात?

"आधीचे लोक पुरी-भाजी खाऊन दिवसभर खेळायचे, आत्ताचे जिम करून पण लंगडतात" असं क्रिकेटवाल्यांबद्दल एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. १९८६ च्या मद्रास टेस्टला ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने २१० केले तेव्हा उन्हाने तो मैदानातच ओकत होता आणि नंतर हॉस्पिटलात नेऊन सलाईन लावावं लागलं, तेव्हा कुठे होतं जिम?

आणि २०२३ च्या वर्ल्ड कपात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा मॅक्सवेल २०१ नाबाद, शेवटी जागेवर उभा राहून मारत होता कारण पाय उचलतच नव्हता (रनर, म्हणजे बॅट्समनच्या बदली पळणारा, तर आता मिळत नाही). तिथेच सेमीफायनलला आपला गिल ७९ वर क्रॅम्पमुळे बाहेर गेला, त्यात त्याला आधी डेंग्यू होऊन गेलेला. मुंबईत नुसतं ऊन नाही हो, दमटपणा आहे, घाम येतो पण वाळतच नाही मग अंग थंड होणार कसं, आणि घामाबरोबर मीठ जातं ते वेगळंच. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम अजून पातळ होतं, म्हणून ड्रिंक्समध्ये इलेक्ट्रोलाईट (सोडियमसारखे क्षार) असतात. खेळाआधी आणि नंतर वजन करतात ते पण याचसाठी, एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं, आणि ते एका झटक्यात न पिता थोडं थोडं, गेलं त्यापेक्षा जास्तच, दीडेक लिटर भरून काढायचं.

बाकी तेलकट पुरी खाऊन मे महिन्यात पन्नास ओव्हर फिल्डिंग करून बघाच एकदा.