मामांच्या कपाटातल्या मुद्रा, मातीची डोकी आणि चिनी बशी, पुढे काय करू?

अनघा_गिरगाव
नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा मर्चंट नेव्हीत होते, गेल्या वर्षी गेले, मूलबाळ नव्हतं त्यामुळे त्यांचं काचेचं कपाट माझ्याकडे आलंय. त्यात मुठीत मावतील अशी दोन मातीची डोकी आहेत, ही त्यांनी मुंबईतच घेतलेली. मग एक काळ्या दगडाची नळीसारखी मुद्रा, आरपार भोक आणि सगळीकडून बारीक कोरीव काम, ही इराकमधल्या बसऱ्याची असं त्यांच्या वहीत लिहिलंय. एक चौकोनी एकशिंगी प्राण्याची मुद्रा, शाळेच्या पुस्तकात हडप्पाची असायची तशी. आणि हाँगकाँगची निळी-पांढरी बशी, तिच्या तळाला सहा चिनी अक्षरं.

दुबईचा मावसभाऊ म्हणतो मुद्रा मला कुरिअर कर, तुला काय करायच्यात. चोरबाजारातला एक दुकानदार म्हणतो सगळं एकत्र द्या, लगेच पैसे देतो. पण मला ते ठेवायचंय, खरं सांगायचं तर मामांसारखंच थोडं थोडं जमवायचंही आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं, कायदा काय म्हणतो, आणि डोक्यांवर मातीची पुटं चढलीत ती धुऊ का?

संदीप_सायन
अनघाताई, पहिलं म्हणजे काहीही कुरिअर करू नका प्लीज. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला, त्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे त्याला. भावाला हे स्पष्ट सांगा, तो नाराज झाला तरी चालेल.

घरात ठेवणं मात्र बेकायदा नाही, हे लोकांना माहीतच नसतं आणि घाबरून वस्तू फुंकून टाकतात. दगड, माती, धातू, हस्तिदंत, लाकूड यातली शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं, यांची नोंदणी करावी लागते, म्हणजे तुमची मातीची डोकी जुनी असतील तर त्यात येणार. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं, तिथे जाऊन फॉर्म आणि फोटो कसे द्यायचे ते विचारा. आणि जुन्या वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं, तेव्हा त्या दुकानदाराला आधी लायसन्स दाखव म्हणा, बघा काय उत्तर देतो.

मामांची वही जपा. तारीख, गाव, कुणाकडून घेतलं, किती पैसे दिले, जे असेल त्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. वहीशिवाय ती मुद्रा नुसता कोरलेला दगड आहे.

मृण्मयी_डोंबिवली
धुऊ नका!! चिंच, लिंबू, भांड्याचं लिक्विड, टूथब्रश काहीही नको. तुम्ही ज्याला पुटं म्हणताय त्यात जमिनीतले क्षार, मुळांच्या खुणा, कधी मूळ रंगाचे कण असतात आणि तज्ज्ञ आधी तेच बघतात. कोरडा मऊ ब्रश, रंगकामाचा असतो ना तसला, तो हलक्या हाताने फिरवा, बस. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात गिरगावात दमट हवा काय असते ते तुम्हाला माहितीच आहे, भाजलेल्या मातीतले क्षार ओल धरतात, वाळले की पृष्ठभाग सोलून काढतात.

डोक्यांचं वय बघायला थर्मोल्युमिनिसन्स नावाची टेस्ट असते. माती भट्टीत भाजली की तिच्यातल्या क्वार्ट्झमध्ये साठलेली ऊर्जा शून्यावर येते आणि मग शतकानुशतकं पुन्हा साठत जाते, लॅबमध्ये तळाची चिमूटभर पावडर तापवून तो प्रकाश मोजतात, त्यावरून शेवटचं भाजणं केव्हाचं ते अंदाजे निघतं. वीस-पंचवीस टक्के इकडे तिकडे होतं, पण नवं की प्राचीन हे कळायला पुरतं. फक्त नकली बनवणारे जुन्या खापराचा तुकडा नेमका तळाला बसवतात, म्हणून दोन-तीन जागांहून नमुना घ्यायचा. दगडी मुद्रेला ही टेस्ट चालत नाही.

खापरवाला_चेंबूर
अनघा, तुझ्या मामांचं कपाट बघायला मला मनापासून आवडेल.

चौकोनी मुद्रेबद्दल मी तुला आशा लावणार नाही. सिंधू मुद्रा सेलखडीच्या असतात, कोरून मग भाजलेल्या, बहुतेक दोन-तीन सेंटीमीटरच्या, मागे भोक पाडलेली गोलसर गाठ असते दोरा ओवायला. चित्र खोलगट आणि उलटं कोरलेलं असतं, ठशात ते सुलटं उमटावं म्हणून. बाजारात मिळणाऱ्यांत प्राणी बऱ्याचदा फुगीर असतो, म्हणजे कुणीतरी ठशाच्या फोटोवरून साचा केलाय, कडेला साच्याची रेघ आणि हवेचे बुडबुडेही दिसतात. अस्सल मुद्रा जवळजवळ सगळ्या उत्खननातून थेट म्युझियममध्ये गेल्यात. तुझ्या मुद्रेची मागची बाजू बघ.

बशीवरच्या सहा अक्षरांवरूनही काही ठरवू नकोस. चिनी कुंभार आधीच्या राजांची नाममुद्रा आदराने घालायचे, कांगशी राजाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२, बनवलेल्या भांड्यांवर त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच्या चंगहुआ राजाचं नाव सर्रास सापडतं. तळाच्या बिनझिलईच्या कडेवरून बोट फिरव, वर्षानुवर्षांच्या वापराने ती गुळगुळीत झालीय का ते बघ, आणि मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या संग्रहातली चिनी भांडी बघायला जा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा जा. तिथेच सिंधमधल्या मीरपूरखासची मातीची शिल्पं आहेत, ती बघितल्याशिवाय मातीचं डोकं विकत घ्यायचा विचारही करू नकोस. काचेला नाक लावून तासन् तास उभं राहिल्यावरच नजर बसते, याला दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आणि जमवण्याबद्दल. चोरबाजारात कुणी 'ताजी निघालीय' म्हणून मूर्ती दाखवली तर तिथून निघून ये. दायमाबादचं उदाहरण घे, आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं. १९७४ साली गावातल्या एकाला झाडाची मुळं खणताना रथ, हत्ती, गेंडा, रेडा अशी चार कांस्यशिल्पं मिळाली, सगळी मिळून साठ किलोच्या वर. सुदैवाने ती सरकारकडे आली आणि नंतर तिथे पुरातत्त्वज्ञ साळींनी उत्खनन केलं, तरीही वस्तू उत्खननात जमिनीच्या थरातून निघाल्या नाहीत म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत अजून वाद आहेत. इतकी मोठी गोष्ट, आणि जमिनीतली जागा हातची गेली तर हे होतं. मग रातोरात कुदळ मारून काढलेल्या डोक्याबद्दल आपण कधी काय सांगू शकणार? मला हे बघून खरंच त्रास होतो. कागद असलेली, जुन्या संग्रहातून आलेली, लायसन्सवाल्याकडची वस्तू घे, वर्षाला एक मिळाली तरी पुष्कळ.

नळीच्या मुद्रेबद्दल मात्र मला फार उत्सुकता आहे. ही दंडगोल मुद्रा, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या शेवटी सुरू झालेली, ओल्या मातीवर लाटली की पट्टीसारखं चित्र उमटतं. आपला संबंध इतका जवळचा की पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये शू-इलिशू नावाच्या माणसाची अशीच मुद्रा आहे, त्यावर तो मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असल्याचं कोरलंय आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात! वहीत साल नक्की काय आहे? इराकमध्ये १९३६ पासून पुरावशेषांचा कायदा आहे आणि २००३ मध्ये बगदादचं म्युझियम लुटलं तेव्हा हजारो दंडगोल मुद्रा गेल्या, त्यामुळे कुठलाही जाणकार आधी तारीखच विचारणार.

अनघा_गिरगाव
सगळ्यांचे खूप आभार. भावाला नाही म्हणून कळवलं. चौकोनीच्या मागे गाठ नाही, सपाट आहे, आणि प्राणी फुगीरच आहे :( वहीत १९६४ लिहिलंय, दुकानदाराचं नाव अरबीत आहे. काळ्या मुद्रेवर कुणीतरी बसलंय, समोर दोघं उभी, पुढचा मागच्याला हात धरून नेतोय असं वाटतं, आणि बाजूला उभ्या ओळींत खिळ्यांसारखी अक्षरं. मुलाच्या क्लेवर लाटून बघू का?

खापरवाला_चेंबूर
क्ले नको, बारीक चीर असली तर त्यात अडकेल. अंधारात एका बाजूने टॉर्च मारून फोटो काढ आणि मोबाईलवर आडवा फ्लिप कर, अक्षरं सुलटी दिसतील. तू सांगतेस ते देवासमोर भक्ताला नेण्याचं दृश्य आहे, मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, इसवी सनापूर्वी २१०० ते २००० च्या सुमारास, फार चालायचं, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर झाल्यात. भोकाचे दोन्ही तोंडांकडून फोटो टाक, आतून उजेड पाडून. जुनी भोकं दोन्ही टोकांकडून पाडत, मध्ये किंचित पायरी राहते आणि तोंडाची कड दोऱ्याने झिजलेली असते, मशीनचं भोक मात्र सरळसोट. बाजूला मोजपट्टी ठेवायला विसरू नकोस.