मदत हवी आहे: दातांना ब्रेसेस असताना एमईजी (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी तपासणी)

भावाला (वय १९) फिट्स येतात, दोन औषधं होऊनही थांबत नाहीत. ३ टेस्लाचा एमआरआय नॉर्मल, व्हिडिओ ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींची चित्रणासह नोंद) फिट्स डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागातून सुरू होत असल्याचा संशय. शस्त्रक्रियेचं ठरवण्याआधी बंगळुरूला निम्हान्स रुग्णालयात एमईजी करायचा विचार आहे. अडचण ब्रेसेसची. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पट क्षीण, त्यामुळे तोंडातली तार जराशी हलली तरी सिग्नल बिघडतो म्हणे. त्यात एमआरआय आधीच झालाय, म्हणजे तार चुंबकित झाली असेल ती वेगळीच! टीएसएसएस (मेंदूबाहेरून येणारे चुंबकीय अडथळे गाळणारा सॉफ्टवेअर) फिल्टरने हा गोंधळ बराच साफ होतो असं वाचलंय. पेसमेकर, व्हीएनएस (फिट्ससाठी शरीरात बसवतात ते मज्जातंतू उत्तेजित करणारं यंत्र) वगैरे काही नाही. दातांचे डॉक्टर ब्रेसेस काढायला तयार आहेत, पण पूर्ण काढायची भावाची इच्छा नाही.

ब्रेसेस असताना कुणी एमईजी केलंय किंवा घेतलंय का? फक्त तार काढून ब्रॅकेट्स (दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे) ठेवले तर चालतं का?